साळव्याची पेटी

‘‘तेवढी पट्टी सोडा. बाकी काय बघायचं ते बघा,’’ अण्णा म्हणाले.

प्रभुदेसाईंनी भिंग धरलेला हात मागं घेतला. बिचारे पुण्याहून रात्रभर एस.टी.त बसून आलेले, अजून धड चहाही झाला नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी अण्णांकडं. हा पाहुणा मी आणला होता, आणि माझ्या वडिलांचा असा सूर मी आजवर ऐकला नव्हता.

खंडेनवमीची सकाळ होती. आमचं दुकान म्हणजे ‘रेठरेकर मोटार रिवाइंडिंग’, सांगलीपासून तासाभरावरच्या आमच्या गावात, बाजारपेठेच्या तोंडाला. एरवी तिथं वार्निशचा वास आणि जळक्या मोटारींचा ढीग असायचा. पण त्या दिवशी फरशी धुतलेली, पक्कड-पाने-हातोडे घासूनपुसून पाटावर ओळीनं मांडलेले, वाइंडिंगच्या मशीनला झेंडूचा हार. आणि सगळ्यांच्या मधोमध, तांबड्या कापडावर, आजोबांचं मेगर.

मेगर म्हणजे मोटारीच्या गुंडाळ्यांतली वीज लोखंडी अंगाला गळते का ते दाखवणारं यंत्र. दोन वायरी जोडायच्या, बाजूचं हँडल गरागरा फिरवायचं आणि काटा बघायचा. काटा आडव्या इंग्रजी आठाच्या, म्हणजे अनंताच्या खुणेवर गेला की मोटार धडधाकट. शून्यावर कोसळला की गळती. आता असली यंत्रं डब्याएवढी मिळतात, पण आमचं होतं जुनं, सागवानी पेटीतलं, पितळी कोपऱ्यांचं, वर जाड काच. गावात कुणाचं तलवारीचं घराणं होतं, कुणाचं तबल्याचं. आमचं मेगरचं.

त्याची गोष्ट मी पाळण्यात ऐकली असेल. आजोबा, म्हणजे गणपतराव मिस्त्री, संस्थानच्या वीजघरात कामाला होते. एकदा भर उत्सवात राजवाड्याचे दिवे गेले, आजोबांनी तासाभरात दोष हुडकून काढला, आणि साहेबानं खूश होऊन हे यंत्र त्यांच्या हातात ठेवलं. आजोबांनी ते कधी कामाला लावलं नाही, देवातच ठेवलं. दर खंडेनवमीला त्याची पूजा. पेटीचे पितळी कोपरे चिंचेनं घासायचे, पण तिच्या डाव्या अंगाला एक पितळी पट्टी होती, ती घासायची नाही. हळदकुंकवाचं बोट लावायचं ते त्याच पट्टीवर, आणि ते पुसायचं नाही. आजोबांनी घालून दिलेली रीत. पन्नासेक वर्षांची बोटं एकावर एक बसून त्या पट्टीवर चांगला रुपयाएवढा जाड थर चढला होता. देवाच्या शेंदरासारखा.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, निवृत्त वीज इंजिनिअरांच्या एका संस्थेच्या कचेरीत. जुन्या यंत्रांचं संग्रहालय काढायचं त्यांच्या मनात आलं, आणि मी फुशारकीनं सांगून बसले, ‘‘आमच्या घरी आहे एक.’’ अण्णा आधी नाही म्हणाले. देवातली वस्तू बाहेर द्यायची नसते म्हणाले. मग मी सांगितलं की यंत्र काचेच्या कपाटात ठेवणार, खाली कार्डावर आजोबांचं नाव छापणार. संध्याकाळी अण्णांनी हळूच विचारलं, ‘‘अक्षरं केवढी असतील गं?’’

त्या दिवसापासून माणूस बदलला. गिऱ्हाइकाला मोटार परत देताना ‘‘आमच्या म्हाताऱ्याचं नाव लागतंय पुण्यात’’ हे ठरलेलं. अर्ध्या गावाला ठाऊक, उरलेल्या अर्ध्याला त्या अर्ध्यानं सांगितलेलं. त्या सकाळी त्यांनी कोरा सदरा घातला होता, कॉलरला टाचणी तशीच राहिलेली. मी काढली. आजोबा साधे मिस्त्री म्हणून गेले, त्यांच्या नावाची पाटी कुठंच नव्हती. ती एकदा लागावी, एवढंच अण्णांना आयुष्याकडून हवं होतं.

आणि आता तेच अण्णा पट्टी सोडा म्हणत होते.

यंत्र पारखायला संस्थेनं पाठवलेले प्रभुदेसाई समजूतदार माणूस. त्यांनी पट्टी सोडून बाकीचं बघायला सुरुवात केली. नाकावर चष्मा, त्यावर भिंग, आणि बोलणं असं की जणू पेटीलाच विचारताहेत. काचेवर टॉर्च मारून त्यांनी काट्याची नक्षी बघितली, आकड्यांचं वळण बघितलं. मग हँडल फिरवलं. आधी हळू, मग जोरात.

‘‘ऐका,’’ ते म्हणाले. ‘‘एका वेगाच्या वर हँडल नुसतं सरकतंय, आतलं चक्र फिरत नाही. कितीही जोर लावा, वीज तेवढीच तयार होते. ही युक्ती फार सुरुवातीच्या यंत्रांत नाही. आणि पेटी लाकडी, म्हणजे फार उशिराचंही नाही. पहिल्या महायुद्धानंतरचं धरा. विलायती. आतली लोहचुंबकं अजून जिवंत आहेत हो! कुणी कधी उघडलेलं दिसत नाही.’’

‘‘हात लावू दिला न्हाई कुणाला,’’ अण्णा म्हणाले. छाती जरा पुढं आली.

‘‘किंमत काय होईल?’’ मी विचारलं.

‘‘नुसत्या यंत्राची म्हणाल तर फार नाही. पाचसहा हजार. अशी अजून मिळतात, जुन्या गिरण्यांत पडलेली असतात. जुन्या वस्तूचं मोल ती कुठली, कुणाच्या हातची, यावर ठरतं. हे तुमच्या संस्थानच्या वीजघरातलं आहे असं सिद्ध झालं, तर मग गोष्टच वेगळी. त्या वीजघरातलं काही म्हणजे काही उरलेलं नाही.’’ त्यांनी भिंगानं पट्टीकडं खूण केली. ‘‘आणि ते तिथं लिहिलेलं असणार. मालकीची पट्टी नेहमी डाव्या अंगालाच ठोकायचे.’’

‘‘आमच्यात ते पुसत न्हाईत,’’ अण्णा म्हणाले.

‘‘अण्णा, असं काय करता? कार्डावर लिहायचं तर ते बघायला नको का?’’

‘‘म्या सांगतोय की वीजघरातलं हाय. माझ्या बोलण्यावर लिहा.’’

‘‘तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे,’’ प्रभुदेसाई म्हणाले, ‘‘पण समिती कागद मागते नाहीतर खूण मागते.’’

एवढ्यात वेणूआत्या चहा घेऊन आली.

वेणूआत्या म्हणजे वेणू साळवी. आमची सख्खी कुणी नव्हे. दुकानामागच्या खोलीत एकटी राहायची. साठी उलटलेली, लग्न न झालेली, आमच्या घरातली पोरं तिच्याच मांडीवर वाढलेली. तिचे वडील रघुनाथ साळवी त्याच वीजघरात भांडारपाल होते. तपासणी आली तेव्हा भांडारातली एक पेटी सापडेना, साळव्यांना सांगता येईना, आणि चोरीचा ठपका येऊन नोकरी गेली. गावानं त्याची म्हण करून टाकली. शेजारी दिलेली चाळणी परत आली नाही की आमच्या गावात म्हणतात, ‘साळव्याची पेटी झाली.’ त्या पेटीत काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी सोनं म्हणायचं, कुणी रोकड. वेणूआत्याचं ठरलेलं लग्न त्याच साली मोडलं.

अशा माणसाला कोण दारात उभं करणार? आमच्या आजोबांनी केलं. मागची खोली दिली, भाडं घेतलं नाही. साळवी अंथरुणाला खिळले तेव्हा औषधपाणी केलं. आणि दसऱ्याला गावाचे पुढारी, देवस्थानचे मानकरी सगळे सोडून आजोबा पहिलं सोनं न्यायचे ते साळव्यांना. आपट्याचं पान हातात नाही द्यायचे, पायावर ठेवायचे. आमच्या घरात ही गोष्ट मेगरच्या गोष्टीइतकीच सांगितली जायची. मिस्त्री हुशार आणि मनानं तर त्याहून मोठा. मी पुण्यात मैत्रिणींना दोन्ही गोष्टी सांगत असे.

वेणूआत्या आपल्या वडिलांविषयी फारसं बोलायची नाही. एकदाच मला म्हणाली होती, शेवटी शेवटी बाबा भ्रमिष्ट झाले होते गं, सारखं म्हणायचे, ‘सत्तावीस अजून आला नाही. दसरा झाला की येईल.’ तिला वाटायचं ते कुठल्यातरी सत्तावीस तारखेची वाट बघताहेत. दर महिन्याच्या सत्तावीसला ती त्यांना बिछान्यातून उठवून दारात बसवायची.

‘‘काय झालं रे विशू? पाहुण्यांना ताटकळत का ठेवलंस?’’ तिनं कप ठेवत विचारलं. अण्णांना विशू म्हणणारी ती एकटीच उरली होती.

मी सांगितलं, पट्टी पुसायला अण्णा नाही म्हणताहेत.

‘‘एवढंच ना? अरे, गंध असं खरवडायचं नसतं म्हणून तुझ्या जिवाला लागलंय. मी काढते नीट. रोज देव पुसणारा हात आहे हा, काही दोष लागत नाही.’’ आणि पाटावरच्या समईतलं तेल बोटावर घेऊन ती पाटासमोर बसलीसुद्धा.

‘‘वेणूताई, नगो,’’ अण्णा म्हणाले.

‘‘मिस्त्रीकाकांचं नाव लागायचंय. त्यांच्यासाठी एवढंही करू नको?’’

‘‘नगो म्हणतोय न्हवं!’’

अण्णा ओरडले तसे प्रभुदेसाई दचकले, कप हिंदकळला. वेणूआत्या मात्र हसली. लहानपणी अण्णा सुईला घाबरायचे तेव्हा हसायची तशीच असणार. तिनं तेल लावलं. हळदीचा थर फुगला, मऊ झाला आणि पदराच्या टोकानं ती तो अलगद काढायला लागली. वरचा थर तांबडा, खालचा काळपट, मग पिवळा. अण्णांनी तिचा हात धरला नाही. दोन पावलं पुढं आले आणि तिथंच थांबले. टाचणी काढलेल्या कॉलरपाशी त्यांची मान घामानं डबडबली होती. मी मनात म्हटलं, म्हातारपणी किती हट्ट करावा माणसानं! पाहुण्यासमोर शोभत नाही.

पितळ उघडं झालं. वेळूच्या पानाएवढी पट्टी, कधी न घासलेली, म्हणून अक्षरं जशीच्या तशी. वेणूआत्याला चष्म्याशिवाय अक्षरं दिसत नसत, म्हणून तिनं ती बोटानं चाचपली.

‘‘संस्थान वीजघर,’’ प्रभुदेसाईंनी तिच्या खांद्यावरून वाचलं. त्यांचा आवाज चढला. ‘‘भांडार. नंबर सत्तावीस. अहो रेठरेकर, काय लपवून ठेवलं होतंत! याची किंमत आता चौपट धरा. हे कपाटात नाही, दारातच ठेवू आम्ही!’’

वेणूआत्याचं बोट आकड्यावर होतं. दोनाच्या वळणावरून खाली, मग साताच्या पोटातून. पुन्हा एकदा, तसंच.

‘‘सत्तावीस,’’ ती म्हणाली. ‘‘विशू, हा सत्तावीस आहे.’’

मला तेव्हा कळलं. पायाखालची फरशी ओलसर होती आणि तिचा गारवा पायातून वर चढला, एवढंच आठवतं. मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी काही तरी म्हणावं, बक्षिसाची गोष्ट पुन्हा सांगावी, साहेबानं पट्टीसकटच दिलं म्हणावं, असं मला फार वाटलं. अण्णा पाटापाशी खाली बसले. करंड्यात बोट बुडवलं आणि कुंकवानं भरलेलं बोट त्या उघड्या पट्टीकडं नेलं. आकडा पुन्हा झाकायला.

माझ्या वडिलांना मी नंतर आजारात बघितलं, मरताना बघितलं. पण त्या बोटाएवढी लाज मला कशाची वाटली नाही. कारण त्या हालचालीत सवय होती.

वेणूआत्यानं त्यांचं मनगट धरलं. ‘‘आता नको रे,’’ ती म्हणाली.

अण्णा रडायला लागले. साठीला आलेला माणूस, कोऱ्या सदऱ्यात, पुण्याच्या पाहुण्यासमोर.

‘‘बक्षीस न्हवतं,’’ ते म्हणाले. आजोबांना ते दादा म्हणत. ‘‘दादांनी मरताना सांगितलं मला. खंडेनवमीला पूजेला म्हणून मागून आणलं हुतं. तुझ्या बाबांनीच दिलं, वेणूताई. वहीत न मांडता. दसरा झाला की आणून देतो म्हणाले, बाबा म्हणाले ने, विश्वासाचा माणूस हाईस. आन त्याच्या आदीच तपासणी आली. साहेबानं सगळ्यांस्नी उभं केलं. दादांनी म्हटलं... माझ्याकडं न्हाई म्हटलं. तोंडातनं गेलं. एकदा न्हाई म्हटल्यावर मग कसं आणून द्यायचं?’’

‘‘बाबा समोर होते?’’

‘‘समोरच हुते.’’

‘‘आणि बाबा काही बोलले नाहीत.’’

‘‘न्हाई. दादांच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढंच दादांनी सांगितलं. बघत राहिले.’’

वेणूआत्यानं मनगट सोडलं. तेलानं आणि हळदीनं माखलेला आपला पदर तिनं बघितला. ‘‘म्हणजे त्यांना ठाऊक होतं,’’ ती म्हणाली. ‘‘भ्रमिष्ट नव्हतेच झाले. वाट बघत होते. मी त्यांना दारात बसवायची आणि ही पेटी भिंतीपलीकडं.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘दर खंडेनवमीला मी हिला नमस्कार केलाय विशू. या पाटापुढची रांगोळी माझी आहे.’’

रांगोळी खरंच तिची होती. पहाटे घातलेली, गोपद्मांची.

प्रभुदेसाईंना अर्धं कळलं होतं. काही तरी भलतंच उघडं पडलंय हे पुरतं कळलं होतं. ते उठले. ‘‘मी नंतर येतो. किंवा आपण हे राहू देऊ. तुमचा घरचा विषय आहे.’’

‘‘न्हाई,’’ अण्णा म्हणाले. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. ‘‘न्या तुम्ही. कार्डावर लिहा, रघुनाथ बाळाजी साळवी, भांडारपाल. म्हाताऱ्याचं नाव नगो. साळव्यांचं लिहा. मोठ्या अक्षरात लिहा.’’

मला वाटलं, आता वेणूआत्या विरघळेल. अण्णांना आयुष्याकडून जे हवं होतं ते त्यांनी तिच्या वडिलांच्या पायावर ठेवलं होतं. याहून माणूस काय देणार?

‘‘नको,’’ वेणूआत्या म्हणाली.

‘‘वेणूताई...’’

‘‘पुन्हा सोनं ठेवायला निघालास? तुझ्या दादानं आयुष्यभर तेच केलं. पायावर सोनं ठेवलं, खोली दिली, औषध दिलं. एक शब्द तेवढा दिला नाही.’’ तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ‘‘बाबांचं नाव या पेटीला एकदा चिकटलंय, तेवढं पुष्कळ झालं. आता ते सोडवा. कार्डावर तुझ्या दादाचंच नाव लिही. तुला हवं होतं ना? खरं काय ते लिही आणि खाली त्याचं नाव लिही.’’

ती उठली. कप तसेच राहिले. जाताना पाटाला वळसा घालून गेली, रांगोळीवर पाय पडू नये म्हणून.

प्रभुदेसाई यंत्र घेऊन गेले. पूजा त्या वर्षी झाली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा आपट्याचं पान न घेता, मोकळ्या हातानं वेणूआत्याच्या दारात जाऊन उभे राहिले. दार उघडं होतं. तिनं त्यांना आत बोलावलं नाही आणि जा असंही म्हणाली नाही. ती पालेभाजी निवडत होती. ते उभे होते. शेवटी ती म्हणाली, ‘‘मला काय सांगतोस? मला कळलंय. गावाला सांग.’’

आता हे सांगायला सोपं आहे, पण दुकानात बसून रोजच्या गिऱ्हाइकाला आपल्या बापाची चोरी सांगायची, हे करून बघावं. मी आणखी दोन दिवस होते. पहिल्या दिवशी त्यांनी एकालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंपाची मोटार न्यायला आलेला एक जण सहज म्हणाला, ‘‘मिस्त्री, माझा स्टार्टर काय साळव्याची पेटी केला का काय?’’ अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला. मी आत होते. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. अण्णा म्हणाले, ‘‘साळव्याची न्हवं. रेठरेकराची म्हण.’’ तो हसला. ‘‘म्हंजे?’’ मग अण्णांनी त्याला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं.

त्यानंतर ते जवळजवळ बारा वर्षं जगले. कुणाच्या तोंडून ती म्हण निघाली की ते सुधारत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर चालत्या सभेत उठून. लोकांनी आधी वेडा म्हटलं, मग आदरानं वेडा म्हटलं. आईला त्याचा फार त्रास झाला. माझ्या धाकट्या भावानं दुकानाच्या पाटीवरून आडनाव काढलं. मला स्वतःला गावी जाणं नको वाटायचं. वेणूआत्या त्याच खोलीत राहिली, पण त्या दसऱ्यापासून तिनं भाडं द्यायला सुरुवात केली आणि अण्णांनी ते निमूट घेतलं. ती आधी गेली, अण्णा तीन वर्षांनी.

संग्रहालयात मी एकदाच गेले. कार्ड आहे. त्यावर लिहिलंय की हे यंत्र गणपतराव रेठरेकर मिस्त्री यांनी संस्थान वीजघराच्या भांडारातून पूजेसाठी नेले व परत केले नाही. अक्षरं बऱ्यापैकी मोठी आहेत.

परवा गावी गेले होते, बऱ्याच वर्षांनी. बाजारात भाजी घेत होते. शेजारी दोन तरुण बायका बोलत होत्या, आमच्या ओळखीच्या नव्हेत, कुठल्यातरी नव्या वसाहतीतल्या असाव्यात. एकीचा कुकर कुणीतरी मागून नेला होता.

‘‘झाली बघ रेठरेकराची पेटी,’’ दुसरी म्हणाली.

भाजीवालीनं मला विचारलं, ताई, आणखी काय देऊ? मला मान वर करता येईना. इतक्या वर्षांनी, ज्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं अशा बायकांसमोर, मला तोंड लपवावंसं वाटलं. आणि तेवढ्यातच असंही वाटलं, की तशीच धावत दुकानामागच्या खोलीकडं जावं आणि दारातून ओरडून सांगावं, आत्या, ऐकलंस का, सुटलं गं नाव.

खोलीत आता सिमेंटची पोती ठेवतात.